लोणारला दोघंच जाताय? मग काठावरून परतू नका

नवीन लग्न झालेल्या जोडप्याच्या घरात 'एकदा समुद्र बघून येऊ' हा विषय निघतोच. आपल्या बुलडाणा-वाशीम-अकोल्याकडच्या खेड्यात मात्र तो बहुतेक वेळा बोलण्यातच राहतो. कोकण गाठायचं तर जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात. सोयाबीनची सोंगणी, कपाशीची वेचणी, हरभऱ्याला पाणी, घरची म्हातारी माणसं, दुभती गाय हे सगळं कुणाच्या तरी भरवशावर टाकून चार दिवस निघणं सोपं नसतं. एक दिवस मात्र काढता येतो. पाण्याचा मोठा काठ, त्याच्या भोवती जंगल, जुनी देवळं आणि उल्का आदळून काळ्या पाषाणात झालेलं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल असं विवर, हे सगळं त्या एका दिवसात बघायचं असेल तर आपल्याकडे लोणार आहे.

लोणारला गेलेली बहुतेक माणसं ते बघतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. गाडी काठावर थांबते, कठड्याला टेकून चार फोटो निघतात, "झालं बाप्पा पाहून" म्हणतात आणि अर्ध्या तासात जेवायला हॉटेल शोधतात. वरून दिसतं ते फक्त चित्र. खाली उतरून पाण्याच्या काठाने चालल्याशिवाय लोणार कळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दिवस कसा लावावा, ते सांगतो.

आधी महिना ठरवा

पाऊस उघडल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या पुढे ते फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत, हे सगळ्यात चांगले दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उतारावरचं रान हिरवं असतं, सीताफळं लागलेली असतात, आणि रस्त्याच्या कडेला पाट्या घेऊन बसलेल्या बायांकडे ती स्वस्तात मिळतात. थंडीत पक्षी जास्त दिसतात. भर पावसाळ्यात विवर देखणं दिसतं, पण काळी माती आणि शेवाळलेले दगड यामुळे उतार निसरडा होतो. पहिल्याच खेपेला तो धोका घेऊ नका. एप्रिल-मे मध्ये तर दुपारी जाऊच नका. खोलगट जागेत वारा लागत नाही, उन्हाचे चटके चारही बाजूंनी बसतात आणि चढ शेवटी असतो.

नवरात्रात कमळजा देवीची यात्रा असते. दर्शनासाठी जायचं असेल तर तेव्हा जरूर जा, पण दोघांना निवांत फिरायचं असेल तर ते नऊ दिवस आणि एरवीचे रविवार टाळा. मंगळवार-बुधवार असा आडवार मिळाला तर उत्तम.

आणखी एक. 'गुलाबी तळं' बघायला म्हणून जाऊ नका. जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं ते खरं आहे. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव फोफावले. त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं. पण तो रंग रोजचा नाही. एरवी शेवाळामुळे पाणी हिरवं दिसतं, आणि तेच त्याचं नेहमीचं रूप आहे.

कसं पोचायचं

लोणार बुलडाणा जिल्ह्यात, तालुक्याचं ठिकाण. मेहकर लागलं की समजा आलंच. मेहकरहून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर सुलतानपूर लागतं, तिथून लोणारला वळायचं. सुलतानपूर ते लोणार साधारण 12 किलोमीटर. अकोल्याकडून येणाऱ्यांना पातूर-मालेगाव-मेहकर असा रस्ता, वाशीमकडून येणाऱ्यांना रिसोडवरून, आणि शेगाव-खामगावकडून येणाऱ्यांना पंढरपूरला जाणारा पालखीचा रस्ता. तो थेट लोणारवरून जातो.

नागपूर, वर्धा, अमरावतीकडून चारचाकीने येणार असाल तर समृद्धी महामार्गाने मेहकरजवळ उतरता येतं. मोटारसायकलवर असाल तर तो विचार सोडा, समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही. जुन्याच रस्त्याने या. एसटीने येणार असाल तर मेहकरला उतरून लोणारची गाडी धरा. लोणारच्या स्टँडवर पाय ठेवल्या ठेवल्या चौकशीच्या खिडकीवर परतीची शेवटची गाडी विचारून घ्या आणि तिच्या आधीच्या गाडीने निघायचं असं ठरवून टाका.

वेळेचं गणित साधं आहे. सूर्य डोक्यावर येण्याच्या आत खाली जाऊन वर यायचं. त्यासाठी सात-साडेसातला विवराच्या काठावर असायला हवं. लांबून येत असाल तर आदल्या संध्याकाळी येऊन मुक्काम करणं बरं. काठाजवळ एमटीडीसीचं निवास आहे, गावातही राहण्याची सोय होते. दोघांचीही ओळखपत्रं सोबत ठेवा.

पिशवीत काय

पाणी दर माणशी दोन लिटर तरी घ्याच. खाली प्यायचं पाणी विकत मिळेल या भरवशावर राहू नका. पायात बूट, मागे पट्टा असलेली चप्पल चालेल, पण नवीन सँडल आणि टाचेची चप्पल नको. नव्या नवरीला साडीचा आग्रह करणाऱ्या सासवांना माझी हात जोडून विनंती आहे की त्या दिवशी तिला पंजाबी ड्रेस घालू द्या. काटेरी झुडपात पदर अडकतो आणि उताराला निऱ्या सावरताना पाय घसरतो. अंगभर कपडे, टोपी किंवा दुपट्टा, देवळांतल्या अंधारासाठी बॅटरी. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण मग त्याची चार्जिंग जपा.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, असं कोरडं आणि झाकणाच्या डब्यात. हातात लोंबणारी पिशवी नको. वानरं भरपूर आहेत आणि त्यांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज बरोब्बर कळतो. खाली उतरण्याआधी स्वच्छतागृहाचं काम उरकून घ्या. बाया माणसांची खाली अडचण होते, हे आधी कुणी सांगत नाही.

आणि एक छोटी गोष्ट मुद्दाम सांगतो. आदल्या रात्री वाटीभर पाण्यात चमचाभर हळद कालवा, वहीचं एक पांढरं पान त्यात भिजवून वाळवा आणि त्याच्या चार पट्ट्या कापून पाकिटात ठेवा. कशासाठी ते पुढे येईल.

काठावर : दहा मिनिटं उभं राहा, बोलू नका

वर पोचलात की लगेच फोन काढू नका. आधी नजरेने मोजा. समोरचा काठ तुमच्यापासून जवळजवळ 1.8 किलोमीटर लांब आहे, आणि तळाचं पाणी सुमारे 1.2 किलोमीटर रुंद. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीस-तीस मीटर उंच उचललेला आहे. म्हणूनच गावाकडून येताना काहीच दिसत नाही, थोडा चढ लागतो, आणि एकदम जमीन संपते. खाली भाकरीच्या परातीसारखा गोल तळ, मधे हिरवं पाणी.

हे नदीने कोरलेलं नाही आणि ज्वालामुखीचं तोंडही नाही. आकाशातून आलेली उल्का इथल्या काळ्या पाषाणावर आदळली आणि क्षणात हे विवर झालं. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. पुढे बराच काळ शास्त्रज्ञ याला ज्वालामुखीचंच काम मानत होते. 1970च्या दशकात इथल्या खडकांत प्रचंड दाबानेच तयार होणारी काच सापडली आणि आघाताची गोष्ट पक्की झाली. वयावर मात्र अजून मतं दोन आहेत. एका पद्धतीने मोजलं तर साधारण 52,000 वर्षं निघतात, आणि 2010 च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने मोजलं तेव्हा 5,70,000 वर्षं निघाली. गाईड जो आकडा सांगेल तो ऐका, पण दुसराही आहे हे लक्षात ठेवा.

बेसाल्ट खडकात, म्हणजे याच काळ्या पाषाणात, झालेली अशी जपून राहिलेली विवरं पृथ्वीवर अगदी थोडी आहेत. चंद्रावरचे काळे डाग आणि मंगळाचा बराचसा पृष्ठभाग याच जातीच्या खडकाचा, म्हणून तिथल्या विवरांचा अभ्यास करणारे लोक आपल्या बुलडाणा जिल्ह्यात येतात. आपण शेतात नांगराला लागणारा दगड म्हणून ज्याला शिव्या देतो, तोच हा.

गाईड घ्यायचा का?

पहिल्या खेपेला घ्या. वाटा फुटतात, झाडोरा दाट आहे, आणि देवळांच्या गोष्टी सांगणारं माणूस सोबत असलं की चालणं कमी वाटतं. पैसे आधी ठरवा, कुठून उतरायचं आणि कुठून वर यायचं तेही आधी ठरवा. हे अभयारण्य आहे. 2000 साली जाहीर झालं, आणि 2020 मध्ये लोणारला रामसर यादीतल्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतल्या, जागेचा मान मिळाला. म्हणजे वनखात्याच्या माणसाने 'आज त्या बाजूने बंद' म्हटलं तर ते ऐकायचं. आत जाण्याच्या वेळा आणि सध्या कोणती वाट चालू आहे, हे काठावरच विचारून घ्या. पाणी किती वर आलंय तेही विचारा. चांगल्या पावसाच्या वर्षी तळ्याची पातळी वाढते, काठालगतची काही देवळं पाण्यात उभी असतात आणि नेहमीची फेरी पूर्ण करता येत नाही.

फोन वरूनच करून घ्या. घरी सांगा, खाली चाललोय, दुपारी बोलू.

उतरताना

उतार अर्ध्या-पाऊण तासाचा, सावकाश. आडवे पाय टाकत उतरा, गुडघ्यांवर ताण कमी येतो. जो चपळ आहे त्याने पुढे पळू नये. दोघांतल्या हळू चालणाऱ्याची चाल तीच दोघांची चाल. नव्या जोडप्यांत मी हे नेहमी पाहतो, नवरा वीस पावलं पुढे आणि बायको एकटी दगड धुंडाळत मागे. त्याने पुढे पोचून काय मिळवायचं असतं?

वाटेत एकदा थांबून कड्याकडे मागे वळून बघा. लाव्हाचे थर एकावर एक दिसतात. आपल्या भागात ते सहसा आडवे असतात. इथे काठाशी ते वर उचललेले, बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. धक्क्याने जमिनीची कड वर उचलली गेली तीच ही. शाळेत शिकलेला सगळा भूगोल त्या एका नजरेत जिवंत होतो.

पायवाट सोडू नका. फोटोसाठी झुडपात शिरणं, कपारीत हात घालणं, दगड उलटे करणं नको; साप-विंचवाचं रान आहे. झाडावर, कड्याला, देवळाच्या छताला मधमाश्यांचं मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून जा, आणि त्या दिवशी अत्तर-सेंट लावूच नका. मोर जवळून ओरडतात, सकाळी हमखास दिसतातही. जोडप्यांना एकांत हवासा वाटतो हे समजतं, पण पडक्या देवळांच्या मागे आडबाजूला जाऊन बसू नका. बसायचं तर वाटेवर, सावलीत, जिथून चार माणसं येताना दिसतील अशा ठिकाणी बसा. तिथेही पुरेशी शांतता मिळते.

पाण्याजवळ

पाणी जवळ आल्याचं डोळ्यांआधी नाकाला कळतं. कुजल्या अंड्यासारखा वास येतो, पहिल्यांदा नकोसा वाटतो, पाच मिनिटांत सरावतो. काठावर फेस दिसेल, आणि पातळी उतरलेली असेल तर चिखलावर खाराचा पांढुरका पापुद्रा. हा पापुद्रा दिसायला कोरडा आणि घट्ट असतो. खाली चिखल मऊ असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. म्हणून पाण्यापासून हातभर अंतर ठेवून, खडी किंवा दगड असेल अशा जागी उभं राहा. पोहणं, पाय धुणं, पाणी तोंडात घेणं, काहीही नाही.

आता पाकिटातली हळदीची पट्टी काढा. एका काडीचं टोक पाण्यात बुडवा आणि तो थेंब पट्टीवर टेकवा. पिवळ्या कागदावर डोळ्यादेखत तांबडा डाग उमटतो. कुंकू करताना हळदीला चुना किंवा टाकणखार लावतात, तेव्हा घडतं तेच हे. पाणी किती आंबट किंवा किती खारं ते सांगणारं माप म्हणजे पीएच; साध्या पाण्याची ती 7 च्या आसपास असते. लोणारच्या पाण्याची 10 च्या पुढे जाते. दुसऱ्या पट्टीवर आपल्या बाटलीतलं पाणी टाकून बघा, ती पिवळीच राहील. बायकोला किंवा नवऱ्याला विज्ञानाची आवड असो-नसो, हा डाग दोघांनाही लक्षात राहतो. पट्ट्या परत पाकिटात घाला, तिथे टाकू नका.

हा खार आला कुठून? चारी बाजूंनी पाणी आत येतं, बाहेर जायला वाटच नाही. ते फक्त उन्हाने उडतं, आणि खडकातून झिजून आलेले क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय. त्या क्षारांवर इथे मोठा धंदा होता. अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरी या ग्रंथात या भागाबद्दल लिहिलंय की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं. पुढेही उन्हाळ्यात काठावरून खार गोळा करत आणि प्रतीप्रमाणे त्याला दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावं होती. आपल्या आज्या पापडात लोणारचा खार घालायच्या तो हाच. आता अभयारण्यातून काही उचलायचं नाही, चिमूटभर खारही नाही.

पक्षी बघायचे असतील तर इथेच पंधरा मिनिटं स्थिर बसा. लांब लाल पायांचे शेकाटे काठाने टिपत फिरतात, मधे टिबुकल्या बुड्या मारतात, थंडीत चक्रवाकाची जोडी दिसली तर भाग्य समजा. ते बहुतेक वेळा जोडीनेच दिसतात.

कमळजा देवी आणि सासू-सुनेची विहीर

काठावरचं कमळजा देवीचं देऊळ या परिसराचं दैवत. ओटी भरायची असेल तर खण-नारळ वरूनच घेऊन जा आणि वेष्टनं परत आणा. नवसाला आलेल्या बाया खाली उतरतात, साठीच्या आज्याही अनवाणी उतरतात. त्यांच्या चालीकडे बघून शिकण्यासारखं आहे, घाई नाही आणि थांबणंही नाही.

जवळच सासू-सुनेची विहीर सांगतात. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, अशी तिची ख्याती. तळ्याची पातळी वाढलेली असली तर ती पाण्याखाली जाते आणि दिसत नाही, तेव्हा नाही दिसली म्हणून खट्टू होऊ नका. गोड झरे खाऱ्या तळ्याला खेटून असणं हीच लोणारची मोठी नवलाई आहे, आणि ते तुम्हाला वर गेल्यावर धार नावाच्या झऱ्यापाशी बघायला मिळणारच आहे.

काठालगत आणखीही देवळं आहेत, रामगया, वाघ महादेव, मोर महादेव. सगळी गाठायचा अट्टहास नको. काहींत वटवाघळं आहेत, आत अंधार आणि वास असतो. दोन देवळं नीट बघा, खांबांवरचं कोरीव काम बॅटरीच्या उजेडात सावकाश बघा, ते सहा देवळं धावत बघण्यापेक्षा कितीतरी चांगलं. दगडावर नावं कोरू नका, बदाम काढू नका. आठशे-हजार वर्षं टिकलेल्या दगडावर कुण्या पिंटूचं नाव बघून जीव तुटतो.

पूर्ण फेरी मारायची तर पाण्याच्या कडेने चार किलोमीटरच्या आसपास चाल होते. सवय नसेल तर निम्मीच करा. दहा-साडेदहाला वर चढायला लागा, हा नियम मोडू नका. चढताना दर पंधरा मिनिटांनी थांबून दोन-दोन घोट पाणी, मधे गुळाचा खडा. घटाघटा पाणी पिऊन चढू नका, पोटात कळ येते.

धार, मग दैत्यसूदन

चढून गावाच्या बाजूला आलात की धारेवर या. गोमुखातून बारमाही पाणी पडतं, गार आणि गोड. विवराच्या भिंतीत खडकांच्या थरांमधून जमिनीतलं पाणी बाहेर येतं ते हे, आणि हेच पुढे खाली तळ्यात उतरतं. खाली काडीला लागलेला खार आणि इथलं हे पाणी, एकाच भिंतीच्या वरखाली. तिसरी हळदीची पट्टी इथे वापरा. लोक श्रद्धेने स्नान करतात. आपल्याला करायचं असेल तर टॉवेल आणि कोरडे कपडे जवळ हवेत, साबण-शांपू मात्र अजिबात नको, सगळं खाली तळ्यात जातं.

दुपारच्या उन्हात दैत्यसूदन मंदिर. हे गावात आहे, चालत जाता येतं, आणि माझ्या मते एवढ्यासाठीही लोणारला यावं. बाहेरून तारकाकृती आखणी, भिंतीभर मूर्ती. आत जाऊन बॅटरी छताकडे वळवा आणि मान मोडेपर्यंत बघा. लवणासुर नावाचा दैत्य इथे दडून बसला होता, विष्णूने कोवळ्या मुलाचं रूप घेऊन त्याला शोधून मारलं, अशी कथा. गाभाऱ्यात विष्णू दैत्याच्या अंगावर उभा आहे. मेच्या मध्याला काही दिवस सूर्याची किरणं आत मूर्तीवर पडतात आणि ते बघायला गर्दी होते. देऊळ बांधणाऱ्यांनी दिशा किती काटेकोर धरल्या होत्या ते त्यावरून कळतं. छायाचित्रं काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा.

जवळच लिंबी बारव आहे. उतरायच्या पायऱ्या कोरड्या असतील तरच उतरा.

जेवण

गावात साधी भोजनालयं आहेत. झुणका, ठेचा आणि ज्वारीची भाकर सांगितली तर गरम मिळते, थोडा वेळ लागतो. पनीर-मंचुरियनच्या नादी लागू नका. जेवून निदान अर्धा तास टेका, पाय लगेच भरून येतात.

दुपारनंतर अंगात जीव असेल तर

गावाबाहेर अंबर तळं आणि मोठा मारोती. अंबर तळं म्हणजे मोठ्या विवरापासून साधारण 700 मीटरवरचा लहान खळगा. तोही उल्केच्याच तुकड्याने झाला असं काहींचं म्हणणं आहे. मारोती इथे आडवा पहुडलेला आहे, एरवीसारखा उभा नाही. दगडात चुंबकीय गुण आहे आणि होकायंत्राचा काटा हलतो असं सांगतात. मोबाइलमधलं होकायंत्र काढून स्वतः बघा.

इथे किंवा काठावर कुणी 'उल्केचा तुकडा' म्हणून दगड विकायला आला तर घेऊ नका. आदळण्याच्या प्रचंड उष्णतेत उल्का जवळजवळ सगळी वितळून आणि वाफ होऊन गेली, असं शास्त्रज्ञ सांगतात. विकायला आलेला दगड इथल्याच काळ्या पाषाणाचा असतो. आणि अस्सल आघाताची काच असली तरी ती जागची हलवणं म्हणजे पुढच्या माणसाच्या हातातला पुरावा पळवणं.

परतीच्या वाटेवर काय घ्यायचं हे तुम्ही कुठून आलात त्यावर. मेहकरकडे जात असाल तर तिथल्या शारंगधर बालाजीचं दर्शन घ्या, विष्णूची एवढी मोठी आणि रेखीव मूर्ती सहसा बघायला मिळत नाही. जालन्याकडे जायचं असेल तर सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा. 12 जानेवारीला तिथे जिजाऊ जन्मोत्सवाची प्रचंड गर्दी असते, त्या दिवशी लोणारचा बेत आखत असाल तर रस्त्यावरच्या गाड्यांचा हिशेब धरा. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी करू नका.

दुचाकीवर असाल तर चारच्या पुढे लोणारात थांबू नका. संध्याकाळी ऊस-कापसाच्या गाड्या, दिवे नसलेल्या बैलगाड्या आणि घरी परतणारी गुरं रस्त्यावर असतात. अंधाराआधी मेहकर किंवा रिसोड गाठलं की पुढचा रस्ता निवांत. एसटीने जाणाऱ्यांनी स्टँडवर गाडीच्या अर्धा तास आधी यावं, जागा मिळते.